विहिरीतला देव आणि विहिरीतला डास

डास म्हटले की आपल्याला गटार आठवते. पण मुंबईच्या हिवतापाची गोष्ट गटारापाशी नव्हे, तर नितळ पाण्याच्या विहिरीपाशी सुरू होते.

१८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचे जंतू ॲनॉफिलीस डासाच्या पोटात सापडले. मुंबईत हा डास कुठे वाढतो, याचा शोध डॉ. बेंटली यांनी घेतला आणि १९११ साली अहवाल दिला. इथला मुख्य गुन्हेगार होता स्टीफेन्सी जातीचा ॲनॉफिलीस. त्याला घाण पाणी नको; विहिरी, हौद, टाक्या यांतले स्वच्छ पाणी हवे. विहार तलावाचे पाणी १८६० सालीच शहरात आले होते, तरी वाड्यावाड्यांतून विहिरी नांदत होत्या. त्या बुजवा किंवा झाका, असा सांगावा घेऊन पालिकेचे आरोग्य खाते दारोदार गेले.

आणि अडले! पारशी कुटुंबे म्हणाली, विहिरीच्या पाण्यावर सूर्याचे किरण पडलेच पाहिजेत. हिंदूंना पूजेअर्चेला विहिरीचेच पाणी हवे होते. विहिरीत देवाचा, सत्पुरुषाचा वास आहे. ती बंद केली तर घरावर अरिष्ट येईल, ही धास्ती तर अनेकांना होती. या अर्ज-विनंत्या पालिकेचे चिटणीस रुस्तम मसानी यांच्या नजरेखालून जात. त्यांनी त्या हसण्यावारी नेल्या नाहीत. या श्रद्धांचा मागोवा घेत त्यांनी विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिले. ते १९१८ साली निघाले. पुढे हेच मसानी पालिकेचे आयुक्त झाले.

मग तोड निघाली ती साधीच. विहिरीवर पक्के झाकण घालायचे, पण त्यात बारीक तारेच्या जाळीची झडप ठेवायची. जाळीतून ऊन आत जाते, देवाची वाट मोकळी राहते, डासाची मात्र बंद होते! ज्यांची श्रद्धा होती त्यांची विहीर राहिली आणि शेजाऱ्याचा तापही टळला.

दवाखान्यात रोगी आपण होऊन येतो. सार्वजनिक आरोग्याचे काम मात्र दुसऱ्याच्या अंगणात शिरून करावे लागते. तिथे कायद्याचा कागद पुरत नाही. घरधन्याचे मनही वळवावे लागते.

आज विहिरी थोड्या उरल्या. स्टीफेन्सी मात्र गच्चीवरच्या टाकीत सुखाने राहतो. अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पालिकेचा माणूस आजही शिडी चढून टाकीत डोकावतो. त्याला आपण काय सांगतो? “किल्ली सेक्रेटरींकडे आहे, नंतर या.” आपल्या पणजोबांना निदान विहिरीतल्या देवाची काळजी होती. आपल्या टाकीत तर देवही नाही. मग झाकण उघडून दाखवायला आपली हरकत कसली?