सागरतीरीं जाण्यापूर्वीं

समुद्रावर जाऊन प्रकृति सुधारावी, ही कल्पना पाश्चात्य देशांत फारशी जुनी नाहीं; आणि शरीर सुधारल्याखेरीज समुद्रावर जाऊंच नये, ही कल्पना तर तिच्याहूनहि पुष्कळ अलीकडची आहे. या दोन कल्पनांमध्यें सुमारें पावणेदोनशें वर्षांचें अंतर आहे. तेवढ्या काळांत समुद्र होता तेथेंच राहिला. पालटला तो माणसाचा त्याच्याशीं असलेला संबंध. आरंभीं समुद्र हा वैद्य होता. पुढें तो परीक्षक झाला. आणि परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थी जशीं जागरणें करतो, तशीं सुट्टीच्या तोंडावर उपोषणें करण्याची चाल पडली.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्रकांठ म्हणजे मासेमार आणि खलाशी यांचें क्षेत्र, अशीच इंग्लंडांतील प्रतिष्ठितांची समजूत होती. १७५० सालीं ससेक्स परगण्यांतील डॉक्टर रिचर्ड रसेल यांनीं ग्रंथिरोगांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा ग्रंथ लॅटिन भाषेंत प्रसिद्ध केला. त्या पाण्यांत बुड्या माराव्या, एवढेंच सांगून ते थांबले नाहींत. तें पाणी प्यावें असाहि त्यांचा आदेश असे. आज कोणी वैद्य असा सल्ला देणार नाहीं. परंतु त्या काळीं रोगी ब्रायटनच्या किनाऱ्यावर गर्दी करूं लागले. १७८३ सालीं युवराज, म्हणजे पुढचे चौथे जॉर्ज, तेथें आले आणि औषधाला फॅशनची जोड मिळाली. हे युवराज पुढें आपल्या खादाडपणाबद्दल व अगडबंब देहाबद्दल प्रसिद्धीस आले. तथापि ब्रायटनच्या लौकिकाला त्यामुळें उणेपणा आला नाहीं. स्नानाची तऱ्हाच अशी होती, कीं चाकांवरची लांकडी खोली घोड्यानें ओढून पाण्यांत न्यावयाची आणि आंतील माणसानें तेथूनच पाण्यांत उतरावयाचें. समुद्राला देह दिसे. समाजाला दिसत नसे.

या सागरवैद्यकाची मर्यादा एका शतकानंतर लंडनच्या एका गृहस्थानें स्वानुभवानें दाखवून दिली. विल्यम बँटिंग यांचा व्यवसाय अंत्यविधींची व्यवस्था करण्याचा. राजघराण्याच्या अंत्ययात्रांचें कामहि त्यांच्या पेढीकडे असे. साठी उलटल्यावर त्यांना वांकून बुटाचे बंद बांधतां येईनात, आणि जिना उतरतांना सांध्यांवर भार पडूं नये म्हणून ते पाठमोरे उतरत. लोकांच्या टवाळीचा त्यांना फार त्रास होई. समुद्राची हवा, समुद्रस्नान, घोड्यावरची रपेट, होडी वल्हवणें, खनिज झऱ्यांचें पाणी, असे सर्व उपाय झाले. वल्हवल्यानें भूक मात्र वाढली! शेवटीं १८६२ च्या ऑगस्टमध्यें, ऐकूं कमी येतें म्हणून, ते डॉक्टर विल्यम हार्वे या कर्णवैद्यांकडे गेले. हार्वे यांनीं पॅरिस येथें क्लोद बर्नार यांचीं यकृत आणि शर्करा यांच्या संबंधावरील व्याख्यानें ऐकलीं होतीं. त्यांनीं कानाऐवजीं ताटाकडे बोट दाखविलें. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे यांना त्यांनीं आवर घातला. मांस, मासे व भाज्या यांना मुभा दिली. बँटिंग यांची उंची पांच फूट पांच इंच आणि वजन २०२ पौंड होतें. सुमारें एका वर्षांत तें ४६ पौंडांनीं उतरलें व कंबरेचा घेर सव्वाबारा इंचांनीं कमी झाला. १८६३ सालीं त्यांनीं ही हकीकत पत्ररूप पुस्तिकेंत छापून लोकांस फुकट वांटली. स्वीडिश भाषेंत, कमी खाऊन बारीक होणें या अर्थीं, त्यांच्या नांवावरून बनलेलें क्रियापद आजहि वापरतात. मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं बँटिंग यांना हवें होतें तें निर्वेधपणें जिना उतरण्याचें सुख, आणि त्यासाठीं त्यांनीं पंधरवडा नव्हे, वर्ष दिलें.

दरम्यान समुद्रकांठाचें स्वरूप पालटत होतें. १८४१ सालीं लंडन ते ब्रायटन हा लोहमार्ग पुरा झाला आणि हवापालट ही केवळ श्रीमंतांची मिरास राहिली नाहीं. १९०३ सालीं प्रकाशोपचाराबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडमधील लेझँ येथें ऑग्युस्त रोलिये यांनीं क्षयरोग्यांना उन्हांत ठेवून उपचार करण्यास आरंभ केला. शेतमजुराची खूण मानला गेलेला करपलेला वर्ण युरोपांत हळूहळू आरोग्याची आणि फुरसतीची खूण ठरला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील हॉटेलें पूर्वीं उन्हाळ्यांत बंद असत. १९२३ सालीं आंतीब येथील एक बडें हॉटेल कांहीं अमेरिकन पाहुण्यांच्या आग्रहावरून उन्हाळ्यांतहि उघडें राहिलें. चाकांवरच्या खोल्या गेल्या, लोकरीचे पायघोळ झगे गेले, आणि ५ जुलै १९४६ रोजीं पॅरिसच्या एका जलतरण तलावावर लुई रेआर यांनीं ‘बिकिनी’ हा पोषाख प्रथम लोकांपुढें आणला. आतां देह समुद्राआधीं समाजाला दिसूं लागला.

देह मोजला जाऊं लागला तोहि याच काळांत. लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनीं १९१८ सालीं लिहिलेल्या पुस्तकानें अमेरिकन गृहिणींना पावाचा तुकडा नव्हे, तर पावाचे शंभर उष्मांक, अशा भाषेंत विचार करावयास शिकविलें. हिशेब शास्त्रीय होता. परंतु हिशेब हातीं आला कीं घाई सुटते. १९३० च्या सुमारास अठरा दिवसांचा ‘हॉलिवुड आहार’ गाजला. त्यांत ग्रेपफ्रूटवर भर असून रोजचें अन्न सहाशें उष्मांकांच्याहि आंत असे. ज्यांना एवढाहि धीर नव्हता, त्यांच्यासाठीं गोळी निघाली. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल या द्रव्याशीं संबंध आलेले कामगार वाळत, तापानें फणफणत आणि कांहीं मरत. १९३३ सालीं स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं तेंच द्रव्य वजन उतरविण्यासाठीं सुचविलें. त्याच्या योगानें अन्नाची शक्ति शरीराच्या कामीं न येतां उष्णतेच्या रूपानें जळून जाते. वजन उतरलें खरें. पण कित्येक तरुण स्त्रियांच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरला, आणि कांहींजण अंगांतील उष्णतेनेंच मरण पावले. १९३८ सालीं अमेरिकेंत नवा अन्न व औषधि कायदा झाल्यावर मगच या व्यवहाराला पायबंद बसला. त्या द्रव्यावर उतारा आजहि नाहीं, आणि चोरट्या विक्रीनें त्याचे बळी अजूनहि पडतात.

उपासमारीनें मनाचें काय होतें, हेंहि लवकरच दिसून आलें. महायुद्धानंतर युरोपांतील भुकेलेल्यांना कसें पोसावें, हें ठरविण्यासाठीं अँसेल कीज यांनीं मिनेसोटा विद्यापीठांत १९४४–४५ मध्यें छत्तीस निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीनें, प्रयोग केला. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटीं ठेवलें. त्यांचें वजन जवळजवळ चतुर्थांशानें घटलें. ते चिडखोर व खिन्न झाले, उन्हाळ्यांतहि त्यांना थंडी वाजे, आणि स्वप्नांत व संभाषणांत अन्नाशिवाय विषय उरला नाहीं. पुढें पुरेसें अन्न मिळूं लागतांच कित्येकांची भूक आवरेना. अल्पमुदतीच्या उपवासांची गोष्ट निराळी असली तरी फसवीच असते. यकृत व स्नायू यांत सांठलेली शर्करा आपल्याबरोबर सुमारें तिप्पट पाणी धरून ठेवते. पहिल्या आठवड्यांत कांटा झपाट्यानें खालीं येतो तो मुख्यतः हें पाणी गेल्यामुळें. सुट्टींतील दोन जेवणांनंतर तें परत येतें. तहान लागल्यावर विहीर खणणाराच्या हातीं ओल लागते, पाणी लागत नाहीं.

२०१५ सालीं लंडनच्या भुयारी रेल्वेंत एक जाहिरात लागली: सागरतीरासाठीं तुमचा देह तयार आहे काय, असा तिचा सवाल होता. विकावयाचे होते ते वजन उतरविण्याचे पदार्थ. हजारों नागरिकांनीं निषेध केला, आणि २०१६ सालीं शहराच्या महापौरांनीं देहाबद्दल लाज उत्पन्न करणाऱ्या जाहिरातींना शहराच्या वाहनव्यवस्थेंत बंदी जाहीर केली.

सुट्टीपूर्वींच्या पंधरवड्यांत काय साधतें, याचें उत्तर साधें आहे. मीठ, मिष्टान्न व मद्य बेताचें, भाजीपाला, फळें व पाणी पुरेसें, आणि झोप वेळेवर, एवढ्यानें पोटाचा फुगारा उतरतो व चेहऱ्यावर तरतरी येते. नवा देह मात्र पंधरवड्यांत येत नाहीं. तो हवा असेल तर बँटिंग यांच्यासारखें वर्ष मोजावें लागतें. रसेल यांच्या रोग्यांपैकीं कोणालाहि समुद्रावर जाण्यासाठीं देखणें व्हावें लागत नसे. थकलेलें असणें एवढेंच पुरेसें होतें.