चला, बस्तरच्या बाजाराला

रायपूरच्या शंकर नगर चौकात उभे आहात ना? मिटा डोळे आणि सव्वाशे वर्षं मागे या. हॉर्न थांबले, डांबर गेलं. रायपूरहून धमतरीपर्यंत छोटी आगगाडी मिळेल, पुढे बैलगाडी. केशकालचा घाट चढताना बैलांच्या तोंडाला फेस येतो, धूळ तुमच्या दातांत करकरते. अंग खिळखिळं होतं आणि कितीतरी मुक्कामांनंतर येतं बस्तरचं जगदलपूर. आज आठवडी बाजार आहे.

चैत्राचं ऊन टाळू भाजतंय. आधी वास येतो मोहाचा: गोड, आंबूस, डोक्यात चढणारा. गर्दी तुम्हाला पुढे ढकलते. कुणाच्या घामेजल्या खांद्याला खांदा लागतो, कुणाच्या कावडीचं टोक बरगडीत बसतं. पानाच्या द्रोणात चापडा आहे, तांबड्या मुंग्यांची चटणी. बोटभर चाटून बघा. आंबट-तिखट झणका थेट नाकात! सल्फीच्या, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या मादक रसाच्या तुंब्याभोवती म्हातारे बसलेत. पलीकडे कोंबड्यांची झुंज लागली आहे. पायाला पातं बांधलेला कोंबडा उसळतो आणि सगळं रिंगण ओरडतं.

आता कान उघडे ठेवा. मुरिया, माडिया या जमाती घरी गोंडी बोलतात. धुरवांची भाषा निराळी, भतऱ्यांची आणखी निराळी. पण इथे सगळ्यांचा सौदा हलबीतच चालतो. चारोळीची टोपली पुढ्यात घेऊन बसलेली आजी तुमच्याकडे बघून विचारते, "तुचो नाव काय आय?"

कळलं ना? नाव सांगा. आजी मोकळी हसते, तळहातावर चार चारोळ्या ठेवते. मग व्यापाऱ्याकडे वळते. टोपलीभर चारोळी ओतून बदल्यात मीठ घेते. उन्हातान्हात रान तुडवून वेचलेली, फोडलेली चारोळी! हा सौदा बरोबरीचा नाही, आणि तिलाही ते ठाऊक आहे. पण मिठावाचून घर चालत नाही.

भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने 1905 साली भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठी खंडात आजीच्या या हलबीची नोंद केली. तिला मोडकी मराठी समजू नका. इतक्या जमातींना एका बाजारात बोलतं करणारी ती पुरी भाषा आहे. 2011 च्या जनगणनेत साडेसात लाखांहून जास्त लोकांनी तिला मातृभाषा म्हटलंय. जगदलपूर आकाशवाणीवर हलबी कार्यक्रम लागतात. मराठी माणसांनो, एकदा ऐकाच.