उन्नत लोहमार्ग आणि स्वयंचलन : महाराष्ट्रातील नागरी जलद वाहतुकीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
नागरी जलद वाहतुकीच्या अभ्यासात उन्नत लोहमार्ग हा स्थापत्यशास्त्राचा, तर गाड्यांचे स्वयंचलन हा संकेत यंत्रणेचा विषय मानला जातो. वस्तुतः दोहोंचे मूळ एकच आहे. ते म्हणजे गाडीला मिळणारा निर्वेध व स्वतंत्र मार्ग. महाराष्ट्रातील अनुभवाच्या आधारे हा संबंध व त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

जागतिक पार्श्वभूमी :
१८९३ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे विजेवर चालणारा उन्नत लोहमार्ग सुरू झाला. गाडीच्या हालचालीनुसार आपोआप बदलणारे सिग्नल तेथे होते. १९८१ मध्ये जपानमधील कोबे येथे चालकविरहित गाडी धावू लागली, तीही उन्नत मार्गावरच. हा योगायोग नव्हे. रस्त्यावर माणूस, जनावर वा वाहन केव्हा आडवे येईल याचा नेम नसतो; तेथे चालकाच्या डोळ्यांवरच विसंबावे लागते. मार्ग उंचावला की ही अनिश्चितता दूर होते आणि वेग, अंतर व थांबे यांचे गणित यंत्राकडे सोपविता येते. भुयारी मार्गानेही हे साधते. परंतु त्याचा खर्च कितीतरी अधिक असतो.

महाराष्ट्रातील वाटचाल :
३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावरून धावली. या मार्गावरील सँडहर्स्ट रोड स्थानकाचे हार्बर फलाट आजही मुख्य मार्गाच्या वर आहेत. त्यानंतर जवळजवळ नऊ दशकांनी, ८ जून २०१४ रोजी, वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची व १२ स्थानकांची संपूर्ण उन्नत मेट्रो सुरू झाली. २ एप्रिल २०२२ रोजी अंशतः सुरू झालेल्या २अ व ७ या मार्गिकांवरील गाड्या चालकाविना धावू शकतील अशा बनावटीच्या आहेत; तथापि सेवेचा आरंभ चालकांसहच झाला.

विदर्भात नागपूर मेट्रो ७ मार्च २०१९ पासून धावू लागली. तेथे वर्धा मार्गावर ३.१४ किलोमीटर अंतरात एकाच खांबांच्या रांगेवर उड्डाणपूल व त्यावर मेट्रो उभारण्यात आली. गड्डीगोदाम येथे तर रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल व मेट्रो असे चार स्तर आहेत. अपुऱ्या जागेवरचा हा उपाय नागपूरचे वैशिष्ट्य ठरला.

मर्यादा :
मार्ग निर्वेध झाला म्हणजे व्यवस्था निर्धोक झाली असे नव्हे. फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झालेली मुंबईची मोनोरेल १९ ऑगस्ट २०२५ रोजी अतिवृष्टीत दोन स्थानकांच्या मध्येच बंद पडली. प्रवाशांचा भार क्षमतेपलीकडे गेल्याने वीजपुरवठ्याशी असलेला गाडीचा संपर्क तुटला, असे कारण प्राधिकरणाने दिले. अडकलेल्या प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्यांच्या साहाय्याने उतरविले. पुढील महिन्यात सुधारणेसाठी ही सेवा थांबविण्यात आली.

समारोप :
उन्नत मार्गाने रस्त्यावरील अनिश्चितता दूर केली. फलाटावरील गर्दीची मात्र नाही. जमिनीवर थांबलेल्या गाडीतून प्रवासी स्वतः उतरू शकतो. उंचीवर ती वाट बंद होते. म्हणून चालकाचे काम यंत्राकडे देताना गर्दीचे नियंत्रण व सुटकेची व्यवस्था यांचा विचार मार्गाच्या आराखड्यातच व्हावयास हवा. स्वयंचलनाने माणसाची जबाबदारी संपत नाही. ती चालकाच्या कक्षातून नियोजकाच्या मेजावर जाते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.