प्लेगच्या काळात नाचणे गुन्हा का ठरले? : महामारी, शरीराची हालचाल आणि मनाचे आरोग्य

१/ महामारीत घरी बसावे लागले तरी व्यायाम सोडू नये, मन प्रसन्न ठेवावे, हा उपदेश २०२० साली आपण रोज ऐकला. साथीच्या काळात शरीराची हालचाल आणि मनाचे स्वास्थ्य यांचा एकत्र विचार करण्याची ही परंपरा मात्र पावणेसातशे वर्षे जुनी आहे. गंमत अशी, की तिच्या आरंभी फार व्यायाम करणे धोक्याचे मानले जाई आणि आनंदी राहणे हे औषध. या विचाराचा इटलीतील प्रवास मांडणारा हा थ्रेड.

२/ १३४७ च्या शरद ऋतूत काळ्या समुद्राकडून आलेल्या जहाजांबरोबर प्लेग सिसिलीत उतरला. पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपची किमान एक तृतीयांश लोकसंख्या त्याने गिळली. या रोगाचा जिवाणू सापडला तो थेट १८९४ साली, हाँगकाँगमध्ये. १३४८ च्या वैद्यापाशी ना सूक्ष्मदर्शक होता, ना जंतूंची कल्पना. त्याच्यापाशी होती ती ग्रीक वैद्य गेलनची परंपरा.

३/ या परंपरेत आरोग्य सहा गोष्टींवर अवलंबून असे: हवा, अन्नपाणी, झोप व जागरण, हालचाल व विश्रांती, शरीरातील संचय व उत्सर्जन आणि सहावी म्हणजे मनाचे विकार. भीती, शोक, क्रोध, आनंद हे सारे या सहाव्या खात्यात. म्हणजे मन हा वैद्यकाबाहेरचा विषय नव्हताच. आहार आणि झोपेइतकाच तो वैद्याच्या अधिकारातला होता.

४/ ऑक्टोबर १३४८ मध्ये पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने फ्रान्सच्या राजासाठी प्लेगवर अहवाल लिहिला. साथीचे मूळ कारण म्हणून त्यात १३४५ सालची शनी, गुरू व मंगळ यांची युती दिली आहे. ते वाचून आपण हसतो. पण रोग कोणाला लवकर गाठतो, याची त्यातली यादी थांबून वाचावी अशी आहे. अतिव्यायाम, अतिस्नान व अतिसंभोग करणारे लोक तिथे आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीला सतत चिंता करणारेही आहेत.

५/ व्यायामाची भीती का? त्या काळच्या समजुतीनुसार प्लेग दूषित हवेतून येई. श्रमाने शरीर तापते, त्वचेची छिद्रे उघडतात, श्वास जोरात चालतो. मग विषारी हवेला आत शिरायला वाट मिळते. गृहीतक चुकीचे होते, पण त्यावरचा तर्क सुसंगत होता. म्हणून सल्ला असे: चाला, पण सावकाश, घाम येईपर्यंत नको.

६/ मनाच्या बाबतीत हे वैद्य अधिक ठाम होते. एप्रिल १३४८ मध्ये लेयिदा येथील वैद्य जाउमे द'आग्रामोंत याने कातालान भाषेत प्लेगविषयी पुस्तिका लिहिली. मृत्यूची घंटा ऐकून रुग्णांच्या मनात नाही नाही त्या कल्पना येतात, म्हणून साथीच्या काळात त्या घंटा वाजवू नयेत, असे त्याने सुचवले. त्याच वर्षी इटलीतील पिस्तोइया नगराने रुग्ण भयभीत होऊ नयेत, असे कारण देत अंत्यविधीच्या घंटांवर बंदी घातली. शहराच्या आवाजाचा रुग्णाच्या मनावर काय परिणाम होतो, याचा विचार इथे कायद्यात उतरलेला दिसतो.

७/ फ्लॉरेन्सचा वैद्य तोम्मासो देल गार्बो याचा सल्लाही याच वळणाचा आहे. मृत्यूचा विचार मनात घोळवू नका. सुगंधी वनस्पतींच्या बागेत फिरा, गाणी आणि गोष्टी ऐका, आवडत्या माणसांत राहा. औषधाच्या चिठ्ठीवर बाग, गाणे आणि मैत्री!

८/ आता बोकाच्चोचे ‘डेकॅमेरॉन’ आठवा. १३४८ च्या प्लेगमध्ये सात तरुणी व तीन तरुण फ्लॉरेन्स सोडून शहराबाहेरच्या वाड्यांत जातात. सकाळी फेरफटका, मग भोजन, दुपारच्या उन्हात सावलीला बसून गोष्टी, संध्याकाळी नाच आणि गाणे. दहा दिवसांच्या शंभर गोष्टी होतात. वैद्यांचे सल्ले शेजारी ठेवून हे पुस्तक वाचले, तर त्या तरुणांची दिनचर्या पथ्यासारखी दिसू लागते: मोजकी हालचाल, स्वच्छ हवा, प्रसन्न मन.

९/ पण हे पथ्य पाळायला आधी वाडा हवा, बाग हवी, नोकरचाकर हवेत. प्रस्तावनेत बोकाच्चो स्वतःच सांगतो, की सामान्य लोक दारिद्र्यामुळे किंवा कसल्याशा आशेने आपापल्या घरांतच राहिले आणि रोज हजारोंनी आजारी पडले. प्रसन्नतेचा सल्ला सर्वांना होता. तो अमलात आणण्याची जागा मोजक्यांपाशी होती. पुढची तीनशे वर्षे हा प्रश्न सुटला नाही.

१०/ मधल्या काळात इटलीतील नगरांनी आरोग्य मंडळे स्थापली, विलगीकरणाची यंत्रणा उभी केली. १५७६ च्या साथीत मिलान शहरात लोक घरांत कोंडले गेले, तेव्हा आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. दिवसातून अनेकदा घंटा वाजे आणि लोक दारा-खिडक्यांत येऊन एकत्र प्रार्थना गात. पिस्तोइयाने मनासाठी घंटा थांबवली होती. मिलानने मनासाठीच ती वाजवली.

११/ मग आले १६३०. प्लेग पुन्हा फ्लॉरेन्समध्ये शिरला. जानेवारी १६३१ मध्ये ‘सानिता’ या आरोग्य मंडळाने सार्वत्रिक विलगीकरण जाहीर केले: आरंभी चाळीस दिवसांचे, पुढे लांबत गेलेले. घरात बंद झालेल्या तीस हजारांहून अधिक लोकांना मंडळाने अन्न पुरवले. रोज पाव आणि वाइन, आठवड्यातून तीन दिवस मांस, मंगळवारी मिरी व रोझमेरी घातलेले सॉसेज, शुक्रवारी पाल्याचे सॅलड. गरिबांचे निकृष्ट अन्न साथीला आमंत्रण देते, असे मानले जात असल्याने ही व्यवस्था उपचाराचाच भाग होती.

१२/ गेलनच्या सहा गोष्टींची यादी पुन्हा समोर ठेवा. सानिताने अन्न दिले. हवा शुद्ध व्हावी म्हणून घरे स्वच्छ करवली. हालचाल व मन या दोन खात्यांत मात्र तिच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते. तिथे फक्त कुलूप होते.

१३/ त्या कुलपाआड लोकांनी काय केले, हे आपल्याला कळते ते खटल्यांच्या कागदपत्रांतून. नियम मोडल्याबद्दल शेकडो लोकांवर कारवाई झाली. त्यांत दोन बहिणींचे प्रकरण आहे. आई प्लेगच्या रुग्णालयात होती आणि मुली घरात बंद. त्याच इमारतीत राहणाऱ्या मैत्रिणींबरोबर त्या नाचल्या, आणि पकडल्या गेल्या. तीन शतकांपूर्वी बोकाच्चोच्या तरुणांनी याच शहराबाहेर याच रोगापासून दूर जाऊन हेच केले होते. तिथे ते साहित्य झाले, इथे गुन्हा.

१४/ सानिताला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. दोन घरांतली माणसे एकत्र येणे हा रोग पसरण्याचा मार्ग आहे, अशी अधिकाऱ्यांची प्रामाणिक समजूत होती. त्या साथीत फ्लॉरेन्सची सुमारे १२ टक्के लोकसंख्या दगावली. मिलानमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेले. शिवाय पकडलेल्या बहुतेकांना थोड्या दिवसांच्या कैदेनंतर सोडून देण्यात आले. खुर्चीवरच्या माणसांनाही समोरच्याची घुसमट समजत असावी, असे मला हे निकाल पाहून वाटते.

१५/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. जॉन हेंडरसन यांचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘फ्लॉरेन्स अंडर सीज’ हे पुस्तक जरूर वाचा. वैद्यांचे ग्रंथ लोकांनी काय करावे ते सांगतात. खटल्यांचे कागद त्यांनी काय केले ते सांगतात. साथीच्या काळातील सामान्य स्त्रियांचा आवाज ग्रंथांत सहसा सापडत नाही. तो आरोपीच्या जबानीत सापडतो.

१६/ महाराष्ट्रालाही हा प्रश्न अपरिचित नाही. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये मुंबईतून लाखो लोक बाहेर पडले. पुढील वर्षांत अनेक गावांनी वस्ती सोडून माळावर झोपड्या बांधल्या. त्या वेळचा १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू झाला. तेव्हा काही जण गच्चीवर पावले मोजत होते आणि काही जण गाव गाठण्यासाठी शेकडो किलोमीटर चालत होते. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे चालून थकलेले, रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. चालणे हा शब्द दोघांसाठी एकच होता, अर्थ मात्र एक नव्हता.

१७/ या साऱ्यातून मला दिसते ते असे. भीती माणसाला पोखरते, हे मध्ययुगीन वैद्याला ठाऊक होते. सावकाश फेरफटका, गाणे, सोबत यांनी मन सावरते, हेही त्याला ठाऊक होते. कमतरता ज्ञानाची कमी आणि जागेची अधिक होती. म्हणून पुढच्या साथीची तयारी करताना खाटा आणि लसी मोजाव्यातच. पण दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसाला पाय मोकळे करायला सुरक्षित जागा कुठे मिळेल, हाही आरोग्यव्यवस्थेचाच प्रश्न मानावा. त्या दोन बहिणींना घरातल्या जमिनीचा तुकडा तेवढा मिळाला होता. त्या तिथेच नाचल्या.