जुने व्हेनेप कुठे गेले?

मी राहतो त्या गावाचे नाव नीउ-व्हेनेप. नीउ म्हणजे नवे. आता 'नवे' म्हटले की मराठी माणूस लगेच विचारणार, मग जुने कुठे आहे? नवी मुंबईला मुंबई आहे, तसे इथे नाही. जुने व्हेनेप हे हार्लेमरमेर नावाच्या अवाढव्य तलावातले एक बेट होते आणि तलावाने ते काठाकाठाने कुरतडत गिळून टाकले. डच लोक अशा पाण्याला 'वॉटरवोल्फ' म्हणत, पाण्याचा लांडगा. १८३६ च्या नोव्हेंबरमधल्या वादळात या लांडग्याने आम्स्टरडॅमच्या वेशीपर्यंत मजल मारली आणि त्याच वर्षीच्या नाताळात लायडनपर्यंत. मग सरकारने ठरवले की तलावच उपसून टाकायचा! भोवती सुमारे ६० किलोमीटरचा कालवा खणला, बांध घातला आणि १८४९ ते १८५२ अशी तीन वर्षे वाफेवर चालणाऱ्या तीन पंपांनी पाणी उपसले. तळाची १८,००० हेक्टर जमीन उघडी पडली. त्या तळावर आज माझे घर आहे, समुद्रसपाटीच्या चारेक मीटर खाली.

हे पुराण सांगायचे कारण म्हणजे संकेतस्थळ. हसू नका. दोन-तीन महिन्यांत एकदा तरी भारतातून कोणीतरी विचारतेच, "आम्ही एक संकेतस्थळ काढतोय. लोक येतील आणि टिकतील असे ते कसे करायचे?" रंग कोणता, मेनू डावीकडे की वर, मुखपृष्ठावर काय हलते ठेवायचे, असे सगळे प्रश्न त्यात असतात. मला मात्र त्यावर आमचा हा चिखलच आठवतो.

जमीन १८५३ पासून लिलावात विकली गेली. गिऱ्हाईक आले, पण त्यातले पुष्कळसे शहरात बसून गुंतवणूक करणारे. प्रत्यक्ष राबायला आले ते कुळे आणि मजूर. सरकारचे म्हणणे असे की आमचे काम पाणी काढण्याचे, ते झाले. रस्ते म्हणजे चिखल, प्यायला धड पाणी नाही, त्यात पटकी आणि हिवताप. पहिल्या काही वर्षांत कितीतरी शेतकरी बुडाले. आमचे गाव तेव्हा व्हेनेपरडॉर्प म्हणून वसले आणि १८६८ साली त्याला आजचे नाव मिळाले. चर्च, शाळा, दुकान, गप्पा मारायला चार माणसे एवढे जमल्यावरच गावाला गावपण आले. असो.

आता इथून आगगाडीने आम्स्टरडॅमला जाऊ, फार लांब नाही. तिथे १५ जानेवारी १९९४ रोजी एक दुसरे गाव वसले, जमिनीशिवायचे. नाव 'डे डिजिटाले स्टाड', म्हणजे डिजिटल शहर. डे बाली हे सांस्कृतिक केंद्र आणि हॅकर मंडळींची 'हॅकटिक' ही संस्था, अशी ही जोडी. सरकारी अनुदान होते आणि मुदत फक्त दहा आठवड्यांची. त्या मार्चमध्ये पालिकेच्या निवडणुका होत्या. नागरिकांनी घरबसल्या पालिकेची कागदपत्रे वाचावीत, नगरसेवकांना प्रश्न विचारावेत, असा उदात्त हेतू. नमुना अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा, तिथे १९८६ पासून 'फ्री-नेट' चालू होते. मार्लेन स्टिकर या बाई या शहराच्या 'महापौर'.

चित्र नाही, रंग नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. फोनचे बिल मिनिटाला चढणार. तरीही झुंबड उडाली! शहरातल्या दुकानांतले मोडेम संपले, फोनच्या लाइनी सतत गुंतलेल्या. दहा आठवड्यांत दहा हजारांहून जास्त लोकांनी नाव नोंदवले आणि मुदत संपल्यावर बंद करायची कोणाची छाती झाली नाही. (हलत्या मुखपृष्ठवाल्यांनी इथे जरा थांबावे.)

गंमत अशी की ज्यासाठी शहर काढले ते राजकारण काही रंगले नाही. नगरसेवक फारसे फिरकेनात. लोक आले ते ईमेलसाठी, एकमेकांशी बोलण्यासाठी. चालकांचे शहाणपण असे की त्यांनी हे ओळखले. १९९५ च्या जूनमध्ये शहराला नवे रूप दिले त्यात विषयवार चौक होते : पुस्तकांचा, सिनेमाचा, खेळाचा, तंत्रज्ञानाचा. प्रत्येक चौकात संस्थांच्या इमारती, त्यांच्याकडून भाडे. गप्पांसाठी कॅफे. आणि चौकांच्या आजूबाजूला रहिवाशांची घरे, म्हणजे फुकट मिळणारे स्वतःचे पान. घर बराच काळ ओस टाकले तर दुसरा येऊन त्यात ठाण मांडू शकत असे! आम्स्टरडॅममध्ये रिकाम्या घरात घुसून राहण्याची जुनी चळवळ होती (कायद्याने पुढे २०१० साली ती बंद केली), तीच इथे पडद्यावर आली. मला हा नियम फार आवडतो. ओस घरे गावाची कळा घालवतात हे आपल्या कोकणातल्या कोणालाही सांगायला नको.

दशक संपता संपता रहिवासी लाखाच्या वर गेले. आणि नेमके तेव्हाच शहर पोकळ होत चालले होते. हॉटमेल १९९६ साली आले, फुकट पाने देणारे पुष्कळ झाले, मग इंटरनेटची जोडणीसुद्धा फुकट मिळू लागली. नोंदणीचे आकडे वाढत होते, चौकात बसणारी माणसे कमी होत होती. खर्च भागेना म्हणून चालकांनी संस्थेची कंपनी केली. रहिवाशांना कोणी विचारले नाही. त्यांतल्या काहींनी संघटना करून शहर वाचवायची धडपड केली, ती फसली. २००१ साली सार्वजनिक शहर मिटले आणि उरला तो इंटरनेट जोडणी विकणारा एक धंदा.

माझ्या मते चूक १९९५ च्या आराखड्यात नव्हती. ईमेल आणि पान या गोष्टी कोणीही देऊ शकतो, आणि उद्या जास्त चांगल्या देतो. शेजार तसा दुसरीकडे मिळत नाही, पण चालकांनी मोजली ती घरे.

याच सुमारास अमेरिकेत अजय गल्लेवाले यांनी १६ सप्टेंबर १९९६ ला, गणेशचतुर्थीच्या दिवशी 'मायबोली' सुरू केली. अनुदान नाही, चौक नाहीत. 'हितगुज' वरचे सुरवातीचे मराठी रोमन लिपीत लिहावे लागे, आणि ते वाचताना डोळ्यांचे जे व्हायचे ते आठवतच असेल. पण लोक येत राहिले, कारण परगावी मध्यरात्री पुरणाचे प्रमाण विचारले तर उत्तर देणारी माणसे तिथेच होती. मग गावागावांचे बाफ, दिवाळी अंक, पावसाळ्यात प्रत्यक्ष भेटून केलेले वर्षाविहार. मायबोलीही खाजगीच, तिथेही महापौर निवडून येत नाही, भांडणे तर विचारूच नका. फरक मला एवढाच दिसतो की तिथे मिळणारी वस्तू हॉटमेलला देता येत नव्हती. आणि २००८ च्या सुमारास नव्या रूपात जाताना जुने हितगुज पुसून न टाकता वाचायला ठेवले.

डिजिटल शहराच्या रहिवाशांचे ते नशीब नव्हते. लोकांनी वर्षानुवर्षे लिहिलेले गेले, घरे गेली, कोण कोणाचा शेजारी होता तेही गेले. २०११ साली आम्स्टरडॅमचे संग्रहालय आणि 'वाग' ही संस्था यांनी जुन्या रहिवाशांना हाक दिली : माळ्यावर, तळघरात काही पडले असेल तर आणा. लोक जुने सर्व्हर आणि टेप घेऊन आले. सुदैवाने १५ जानेवारी १९९६ ला, शहराच्या दुसऱ्या वाढदिवशी, सगळ्या शहराची एक प्रत टेपवर गोठवून ठेवली होती. तिला 'फ्रीझ' म्हणत. त्यातून शहराचा काही भाग पुन्हा चालवून पाहता आला. या कामाला तिथले लोक पुरातत्त्वच म्हणतात.