मध्यरात्री सोनेगावी

विमानाने जाणाऱ्यास हल्ली जो उपदेश पदोपदी ऐकावा लागतो, म्हणजे वेळेपूर्वी हजर व्हावे, वाटेत विमान बदलावयाचे असल्यास दोन उड्डाणांत पुरेसे अंतर राखावे, सामान कोठवर रवाना झाले आहे ते चिठ्ठीवर वाचून घ्यावे आणि नावाचा पुकारा होण्याची वाट न पाहता दाराशी आपण होऊन उभे राहावे, तो आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यालाही काही पूर्वेतिहास असेल, अशी शंका कोणाच्या मनास शिवत नाही. वस्तुतः वाटेत विमान बदलण्याचा आपल्या देशातील प्रघात प्रथम टपालाच्या थैल्यांसाठी पडला, आणि प्रवासी मागाहून त्या थैल्यांच्या सोबतीने, बराचसा त्यांच्याच आश्रयाने, त्यात शिरला. याचा उत्तम दाखला महाराष्ट्राच्या भूमीवरच आहे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर 1949 पासून 1973 पर्यंत, आरंभीचा खंड सोडता, हा व्यवहार रोज मध्यरात्री चालत असे.

मजकूर एका वाहकाच्या हातून दुसऱ्याच्या हवाली करण्याची कल्पना विमानाहून फार जुनी आहे. मोगल अमलातील डाकचौक्या तिच्यावरच उभ्या होत्या आणि पेशवाईच्या दप्तरात ठिकठिकाणी भेटणाऱ्या जासूदजोड्यांची दौडही त्याच निकडीतून होत असे. या व्यवहारात थकावयाचे ते घोड्याने वा माणसाने, खलित्याने नव्हे. खलिता पुढे चालत राहिला म्हणजे झाले. विमानयुगाने हे सूत्र जसेच्या तसे उचलले. 1929 च्या मार्च महिन्यात इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची ही वाट सुरू केली तेव्हा क्रॉयडनहून निघालेला उतारू बाझेलपर्यंत विमानाने, तेथून जिनोआपर्यंत आगगाडीने, पुढे अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणाऱ्या उडत्या नावेने आणि अखेरीस आणखी एका विमानाने असा सुमारे सात दिवसांत कराचीस पोहोचे. एवढे पैसे मोजून एवढी वाहने बदलण्याची हौस त्या काळी थोड्यांनाच परवडे. टपालास मात्र हौसेचा प्रश्न नव्हता.

त्या कराचीच्या टपालाचा धागा पुढे हिंदुस्थानात ओवला तो टाटांनी. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे एक एंजिनाचे चिमुकले विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरविले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल दुसऱ्या विमानात घालून बेळ्ळारीमार्गे मद्रासेस नेले. जुहूस त्या दिवशी जे घडले, एका विमानातून उतरवून दुसऱ्यात चढविणे, तेच पुढच्या साऱ्या कथेचे बीज होय. त्या काळातील धाडसी उतारूला जागा मिळालीच तर ती टपालाच्या पोत्यांवर मिळे. विमानाची क्षमता पाहून उतारूचे सामानासकट वजन केले जाई, आणि भार अधिक भरला तर मागे राहण्याचा मान पोत्याला नव्हे, उतारूला मिळे.

दुसरे महायुद्ध संपले आणि युद्धात वापरलेली डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली. ज्यास भांडवल जमविता आले त्याने विमान कंपनी काढली. पाहता पाहता कंपन्या इतक्या झाल्या की उतारू थोडे आणि विमाने फार, अशी स्थिती उद्भवली, व तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली 1950 मध्ये समिती नेमावी लागली. या धामधुमीत दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी एक योजना पुढे आणली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारही शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघावे, चारही विमानांनी मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र यावे, आपापल्या थैल्यांची तेथे अदलाबदल करावी आणि उजाडता उजाडता जे ते विमान आपल्या घरी परत दाखल व्हावे. 1949 च्या जानेवारीत हा क्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षी 1 एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे, लवकर पोहोचत असतील तेथे, जादा आकार न घेता विमानाने नेण्याचा हुकूम निघाला. संध्याकाळी गिरगावातल्या पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या पेढीवर हजर होऊ लागले, याचे आश्चर्य आज कोणास वाटणार?

या योजनेस टाटांचा विरोध होता, आणि तो केवळ प्रतिस्पर्ध्याच्या मत्सरातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. रात्रीच्या उड्डाणास लागणारी दिव्यांची व बिनतारी मार्गदर्शनाची साधने जमिनीवर पुरेशी नसताना रोज अंधारात विमाने हाकणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. किडवईंनी ते मानले नाही व काम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या नव्या कंपनीस दिले. काही महिन्यांतच त्या कंपनीचा कारभार आटोपला आणि सेवा तहकूब झाली; पुढे हिमालयन एव्हिएशनने ती उचलली, आणि 1 ऑगस्ट 1953 रोजी साऱ्या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ती इंडियन एअरलाइन्सच्या पदरी आली. त्याच वर्षाच्या 12 डिसेंबरच्या रात्री मद्रासकडे निघालेली डाकोटा सोनेगावहून उडताच कोसळली. 13 जण मृत्यू पावले व वैमानिक तेवढा वाचला. टाटांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता, एवढे या प्रसंगावरून म्हणता येते. तथापि योजना चुकीची होती असे त्यावरून ठरत नाही, आणि माझ्या मते ती आपल्या विमानवाहतुकीतील सर्वांत बुद्धिमान योजना होती.

बुद्धिमान का, ते थोड्या हिशेबाने कळते. चार शहरांच्या जोड्या सहा होतात. प्रत्येक जोडीत जाण्यायेण्याची स्वतंत्र सोय करावयाची तर रोज 12 उड्डाणे हवीत. सर्वांनी एका मध्यस्थानी भेटावयाचे ठरविल्यास आठात काम भागते, चार येणारी व चार जाणारी, तीही त्याच चार विमानांनी. पाचवे शहर मिळविले तर अंतर आणखी वाढते: तिकडे 20, इकडे दहा. शिवाय विमान व वैमानिक दोघेही सकाळी स्वगृही असल्यामुळे परगावच्या मुक्कामाचा खर्च वाचतो. हे मध्यस्थान नागपूरच असावे, ही गोष्ट भूगोलाने आधीच ठरवून ठेविली होती. मुंबई तेथून हवेतून सुमारे 700, दिल्ली 850, मद्रास 900 आणि कलकत्ता हजारास थोडे कमी किलोमीटर. मुंबई-हावडा व दिल्ली-मद्रास हे लोहमार्गही एकमेकांस छेदतात ते याच नगरात. गाडी बदलण्याच्या कामी नागपूर आधीच मुरलेले होते. विमानाने त्यात वेळेची शिस्त तेवढी वाढविली.

ताशी अडीचशेपावणेतीनशे किलोमीटर जाणारी डाकोटा मुंबईहून तीन तासांच्या आत पोहोचे, कलकत्त्याचे विमान मात्र चार तासांच्या घरात घेई. त्यामुळे सर्वांनी साधारण एकाच सुमारास उतरावे म्हणून निघण्याच्या वेळा मागेपुढे बांधाव्या लागत. पुढे काही काळ चार एंजिनांची स्कायमास्टर विमानेही या कामी आली. टपालाबरोबर उतारूंनाही जागा असे, आणि दिवसाच्या उड्डाणापेक्षा भाडे कमी असल्यामुळे व्यापारी, वकील, परीक्षेस जाणारे विद्यार्थी अशा मंडळींस ही रात्रपाळी सोयीची वाटे. ज्याला मुंबईहून कलकत्त्यास किंवा दिल्लीहून मद्रासेस जावयाचे, त्याने नागपुरास विमान बदलणे क्रमप्राप्तच होते, कारण त्याचे मूळचे विमान तर माघारी घरी जाणार.

अशा उतारूला कोणत्या गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे होते? प्रथम हे की, हजेरी विमानतळावर नव्हे, बहुधा शहरातल्या कचेरीत द्यावयाची व तेथून कंपनीच्या बसने जावयाचे. सामान 44 पौंडांपेक्षा अधिक भरल्यास आकार द्यावा लागे. डाकोटा शेपटीच्या चाकावर टेकून उभी राहत असल्यामुळे आतली वाट चढणीची असे, आणि वयस्क माणसास आपल्या जागेपर्यंत खुर्च्यांच्या पाठी धरीत जावे लागे. आतील हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने कानांस दडे बसत. त्यावर उपाय म्हणून कापूस आणि चघळावयास गोळ्या मिळत. फाउंटनपेन खिशात उभे ठेवावे वा रिकामे करून घ्यावे, ही सूचना जुने प्रवासी नवख्यांस आवर्जून करीत, कारण उंचीवर शाई बाहेर येऊन सदऱ्याचा सत्यानाश होई. तिकीट म्हणजे चिठ्ठ्यांची लहानशी पुस्तिका असे, दर टप्प्यास एक पान. नागपुरापुढचे पान चुकून आधीच फाडले गेले तर मध्यरात्री कारकुनाशी हुज्जत घालणे आले, म्हणून शहाणा माणूस पाने मोजून घेई. लांबच्या प्रवासात पुढल्या टप्प्याची जागा 72 तास आधी पुन्हा पक्की करण्याचा जो दस्तूर जगभर रूढ होता, तो संगणकाने नामशेष केला. माझ्या पिढीच्या वडीलधाऱ्यांस परदेशी पोहोचताच पहिला दूरध्वनी विमान कंपनीस करावा लागे, हे आता सांगितले तर तरुण हसतात.

सोनेगावला 1953 च्या सुमारास नवी इमारत झाली, तीत उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचे दुकान आणि पाहुण्यांसाठी सज्जा होता. पुस्तकांच्या दुकानाचा मला विशेष वाटतो: रात्री दोन वाजता पुस्तक विकत घेणारे गिऱ्हाईक त्या काळच्या नागपुराशिवाय देशात आणखी कोठे असेल?

परंतु या साऱ्यात आजच्या प्रवाशाने हेवा करावा अशी गोष्ट वेगळीच आहे. चारही विमानांचे येणे परस्परांसाठीच होते. मद्रासचे टपाल आल्यावाचून दिल्लीच्या विमानाचा फेरा पुरा होत नसे, आणि म्हणून एकास धुक्याने वा आषाढातल्या ढगांनी उशीर केला तर बाकीच्यांनी थांबावे, यातच व्यवस्थेचा अर्थ होता. थैलीसाठी थांबलेल्या विमानात उतारूचीही जागा शाबूत राही. त्याच्यावर ही मेहेरबानी कोणी केलेली नव्हती; थैली मौल्यवान होती, आणि तो थैलीच्या बरोबर होता.

आज विमान कोणासाठी थांबत नाही. अनेक कंपन्या देशांतर्गत उड्डाणाची दारे निघण्याच्या 25 मिनिटे आधी बंद करतात, आणि आधीच्या विमानाने केलेला उशीर ही त्या दाराशी ग्राह्य सबब नव्हे. म्हणून संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, एकाच नोंदणीक्रमांकाखाली असणे हे आजच्या माणसाचे मुख्य संरक्षण: तसे असल्यास चुकलेल्या कनेक्टिंग फ्लाइटची जबाबदारी कंपनीकडे जाते, दोन निरनिराळी स्वस्त तिकिटे जोडणाऱ्याने ती स्वतःच्या शिरावर घेतलेली असते. परदेशाहून मुंबईमार्गे नागपूर वा गोव्यास जाणाऱ्याने आणखी एक ध्यानी ठेवावे की, सामानाच्या चिठ्ठीवर अखेरच्या मुक्कामाचे नाव असले तरी भारतातील पहिल्या विमानतळावर ते सामान ताब्यात घेऊन जकातीतून पार करावे लागते व मग पुन्हा हवाली करावे लागते. शिवाय पुढचे विमान सहारच्या इमारतीतून आहे की सांताक्रूझच्या, हे न पाहणाऱ्याचा अर्धापाऊण तास मुंबईच्या रस्त्यावर जातो. यांपैकी एकही काळजी सोनेगावच्या उतारूस नव्हती. त्याला एका मैदानात उतरून समोरच्या दुसऱ्या विमानापर्यंत चालावयाचे होते.

तेच मैदान, तीच मध्यरात्र, परंतु प्रांत मात्र बदलत गेला. आरंभी उतारू उतरे तो मध्यप्रांत व वऱ्हाडच्या राजधानीत, 1950 पासून मध्य प्रदेशाच्या, 1956 नंतर मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. दरम्यान जेट विमाने आली. मुंबई-कलकत्ता हे अंतर ती मध्ये न टेकता सहज तोडू लागली, दिवसाची उड्डाणे वाढली, टपालास निराळ्या रात्रीची गरज उरली नाही, आणि 1973 च्या ऑक्टोबरात ही सेवा बंद झाली. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मेंफिस येथे एका खासगी कंपनीने रात्री सारी पुडकी एका गावी आणून सकाळपूर्वी पांगविण्याचा व्यवसाय मांडला होता, व तो पुढे फेडेक्स या नावाने जगभर पसरला. नागपूरनेही मधल्या काळात मिहान या नावाने विमानांचे मध्यवर्ती स्थान होण्याचा संकल्प केला आहे. तूर्त नागपूरकरास दूरच्या बऱ्याच शहरी जाताना मुंबईस नाहीतर दिल्लीस विमान बदलावे लागते.