फळांची प्रत : मापन व जतन

आकार, रंग, घट्टपणा, स्वाद व निर्दोषपणा या गुणांच्या समुच्चयास फळाची प्रत म्हणतात. झाडापासून वेगळे झाल्यावरही फळ जिवंत असते. त्याचे श्वसन चालू राहते, साठलेली शर्करा व अम्ले खर्ची पडतात, उष्णता बाहेर पडते आणि पाण्याचा अंश कमी होतो. झाडाकडून होणारा पुरवठा मात्र थांबलेला असतो. पिकताना फळाला येणारा स्वादही तोडणीच्या वेळी साठलेल्या द्रव्यांतूनच निर्माण होतो. त्यामुळे तोडणीनंतर प्रतीची हानी मंदावता येते, पण तोडतानाची उणीव भरून काढता येत नाही. हे तत्त्व अनुभवाने जुन्या काळापासून ज्ञात असले, तरी त्याची कारणे व मोजमापे यांचा शोध मुख्यतः गेल्या दोन शतकांतील आहे.

पारंपरिक पद्धती : कोकणातील बागाईतदार झाडावर पाड लागला, म्हणजे पहिली फळे आपोआप पिकून गळू लागली, की तोडणीस आरंभ करतात. हापूस आंबा ‘चौदा आणे’ तयार झाल्यावर उतरविण्याचा प्रघात आहे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पक्वता, या हिशेबाने हे प्रमाण साडेसत्त्याऐंशी टक्के भरते. फळाचे भरलेले खांदे, देठाजवळचा खळगा व सालीचा बदलता रंग यांवरून हा अंदाज केला जातो. देठासह उतरविलेली फळे भाताच्या पेंढ्यात आढी घालून पिकवितात. ही कसोटी तज्ञाच्या नजरेवर अवलंबून असल्यामुळे बागेतील व बाजारातील अंदाजांत तफावत पडे व तिचा भार बहुधा उत्पादकावर येई.

शास्त्रीय पाया : फळे ऑक्सिजन घेतात व कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात आणि ऑक्सिजन नसल्यास ती पिकत नाहीत, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जे. ई. बेरार यांनी १८२१ मध्ये प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातून आगगाडीने जाणारी संत्री वाटेत सडत, तेव्हा दोष वाहतुकीतील विलंबाचा मानला जाई. अमेरिकेच्या कृषिखात्यातील जी. एच्. पॉवेल यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कुजीचे मूळ तोडणीच्या कात्रीने व हाताळणीने सालीस झालेल्या जखमांत असल्याचे दाखविले. हानी प्रवासात दिसली, तरी तिचा उगम बागेत होता.

लिंबे पिवळी करण्यासाठी कोठारात रॉकेलचे स्टोव्ह ठेवीत. हा परिणाम उष्णतेचा नसून धुरातील एथिलीन वायूचा आहे, हे एफ्. ई. डेनी यांनी १९२४ मध्ये सिद्ध केले. पिकणारे सफरचंद स्वतःच एथिलीन निर्माण करते, याचा रासायनिक पुरावा आर्. गेन यांनी १९३४ मध्ये दिला. एका पिकलेल्या फळामुळे सबंध आढी लवकर का पिकते, याचा उलगडा त्यामुळे झाला. केंब्रिज येथे एफ्. किड व सी. वेस्ट यांनी हवेतील ऑक्सिजन कमी व कार्बन डाय-ऑक्साइड अधिक ठेवून सफरचंदे दीर्घकाळ टिकविण्याचे तंत्र १९२७ च्या अहवालात मांडले. १९२९ मध्ये केंट परगण्यात अशी पहिली व्यापारी वखार उभारली गेली. घट्टपणा मोजण्यासाठी जे. आर्. मॅग्नेस व जी. एफ्. टेलर यांचे दाबमापक १९२५ मध्ये पुढे आले. रसातील विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण ब्रिक्स अंशांत मोजण्यासाठी प्रणमनांकमापक वापरतात. त्यात रसामुळे होणारे प्रकाशाचे वक्रीभवन पाहिले जाते.

भारतातील कार्य : मुंबई इलाख्याच्या कृषिखात्यातील जी. एस्. चीमा व पी. जी. दाणी यांनी यूरोपला आंबा पाठविण्याच्या प्रयोगांचा अहवाल १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. देठाच्या तुलनेत खांद्यांची उंची व सालीचा रंग यांवरून त्यांनी पक्वतेच्या चार अवस्था ठरविल्या. बागाईतदाराच्या नजरेतील खूण अशा रीतीने लेखी मापात आली. हापूसमधील ‘साका’ या दोषाची नोंदही याच अहवालात आढळते. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात गराचा काही भाग पांढरट, स्पंजासारखा व आंबट राहतो. झाडावर अधिक काळ राहिलेल्या फळांत तो जास्त आढळत असल्याने चौदा आण्यांच्या प्रघातास शास्त्रीय आधार मिळतो. अतिथंड साठवणीत आंब्याला इजा होऊन तो नीट पिकत नाही [⟶ आंबा]. प्रतवारीला कायद्याचे अधिष्ठान १९३७ च्या कृषी उत्पन्न (प्रतवारी व चिन्हांकन) अधिनियमाने मिळाले. ‘ॲगमार्क’ चिन्ह त्यातूनच आले.

महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांच्या सहभागाने १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ची स्थापना झाली. तोडणीनंतर काही तासांतच पूर्वशीतन, सल्फर डाय-ऑक्साइड सोडणारे कागद व ०° से.च्या आसपास अखंड शीतसाखळी यांमुळे यूरोपची बाजारपेठ आवाक्यात आली. तथापि २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अवशेषांमुळे यूरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली. घड दिसण्यात उत्तम होते. दोष केवळ प्रयोगशाळेत दिसणारा होता.

दिसणे व असणे यांतील हेच अंतर कॅल्शियम कार्बाइडच्या वापरात उलट दिशेने दिसते. त्यापासून निघणाऱ्या ॲसिटिलीनमुळे अपक्व फळाची सालही पिवळी होते, पण गरात गोडी येत नाही. शिवाय त्यात आर्सेनिक व फॉस्फरस यांची घातक संयुगे अंशतः असतात. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतील त्यावरील बंदी २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांत कायम राहिली. २०१६ मध्ये दर दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत एथिलीन वायू वापरण्यास मुभा देण्यात आली. पक्व फळास हा वायू साहाय्यभूत ठरतो. कोवळ्या फळाची उणीव मात्र तोही भरून काढू शकत नाही. म्हणूनच मापनाचे पहिले स्थान बाजार नसून बाग हे होय.